डायनासोरची नाणी जमवायला सुरुवात कशी करावी

डायनासोरचं चित्र असलेलं नाणं समोर आलं की पहिली नजर चित्रावरच जाते. जाहिरातीतही चित्रच मोठं दाखवलेलं असतं. पण नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते: ते कोणी पाडलं, कुठल्या धातूत पाडलं आणि कुठल्या प्रतीचं आहे. एकच मेगालोसॉरस साध्या तांबे-निकेलमध्ये मिळतो, रंगीत मिळतो, चांदीत मिळतो आणि सोन्यातही मिळतो. फोटोत हे चारही जवळजवळ सारखेच दिसू शकतात, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तीन प्रश्नांची खात्रीशीर उत्तरं काढण्यासाठी आहेत.

पायरी १: कशाचा संग्रह करायचा ते आधी ठरवा

प्रागैतिहासिक प्राण्यांची नाणी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इतक्या देशांनी काढली आहेत की सगळीच जमवायला निघालात तर काहीच पूर्ण होणार नाही. एक मालिका निवडा आणि ती पूर्ण झाल्यावरच दुसरीकडे वळा.

नवख्यांसाठी सर्वांत सोयीची मालिका ब्रिटनच्या रॉयल मिंटची. २०२० मध्ये त्यांनी ५० पेन्सची तीन नाणी काढली: मेगालोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. विल्यम बकलंड यांनी १८२४ मध्ये मेगालोसॉरसचं वर्णन प्रसिद्ध केलं, गिडिअन मँटेल यांनी १८२५ मध्ये इग्वानोडॉनचं आणि १८३३ मध्ये हायलिओसॉरसचं. याच तीन प्राण्यांच्या आधारे रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये ‘डायनासोरिया’ हा गट मांडला. म्हणजे तीन नाण्यांत त्या विज्ञानशाखेचा सगळा आरंभ येतो. चित्रं रॉबर्ट निकोल्स यांची आहेत. नामशेष प्राणी जीवाश्मांच्या आधारे रंगवणं हेच त्यांचं काम, त्यामुळे अंगाची ठेवण आणि उभं राहण्याची ढब नीट अभ्यासून काढलेली दिसते. इग्वानोडॉनच्या अंगठ्याचं टोकदार हाड मँटेल यांनी सुरुवातीला नाकावरचं शिंग समजलं होतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेतले इग्वानोडॉनचे १८५४ चे पुतळे आजही तसंच नाकावर शिंग घेऊन उभे आहेत. नाणं भिंगाखाली धराल तेव्हा त्या प्राण्याचा हात जरूर पाहा.

२०२१ मध्ये निकोल्स यांच्याच हातचा दुसरा संच आला, जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांच्या शोधांवरचा: टेम्नोडोंटोसॉरस, प्लेसिओसॉरस आणि डायमॉर्फोडॉन. यातला एकही डायनासोर नाही. पहिले दोन समुद्री सरपटणारे प्राणी आणि तिसरा उडणारा. विक्रेते सरसकट ‘डायनासोर सेट’ म्हणून विकतात, म्हणून ‘फक्त डायनासोर’ की ‘प्रागैतिहासिक प्राणी’ हे आपल्यापुरतं आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

दुसरी छान मालिका ऑस्ट्रियाची. २०१९ ते २०२२ दरम्यान ३ युरोची १२ नाणी आली, सुरुवात स्पायनोसॉरसने झाली. ती रंगीत असून अंधारात चमकतात. ही नाणी फक्त ऑस्ट्रियातच कायदेशीर चलन आहेत. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये ती खर्च करता येत नाहीत, हे युरोपात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कॅनडाने २०१२ मध्ये २५ सेंट्सचं पॅकिरायनोसॉरसचं नाणं काढलं. दिवसा अंगावर कातडी असलेला प्राणी दिसतो, अंधारात त्याचा सांगाडा उजळतो. कल्पना इतकी लोकप्रिय झाली की आता त्याची किंमत नवख्याच्या आवाक्याबाहेर जाते. ते पुढे कधीतरी घ्या.

१९९३ च्या आसपास ब्रिटनच्या पॉबजॉय मिंट या खासगी टाकसाळीने वेगवेगळ्या सरकारांसाठी बरीच डायनासोर-नाणी पाडली: आयल ऑफ मॅन, एरिट्रिया, बॉस्निया-हर्झेगोव्हिना. तांबे-निकेलची ही मोठी नाणी जुन्या विक्रेत्यांकडे बऱ्याचदा माफक किमतीत मिळतात. बॉस्नियाच्या ५०० दिनारच्या नाण्यावर ब्रॉन्टोसॉरस आहे. त्या काळी शास्त्रज्ञ हे नाव बाद समजत होते आणि त्या प्राण्याला अपॅटोसॉरस म्हणत होते. २०१५ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने ब्रॉन्टोसॉरस हा वेगळा प्रकार असल्याचं पुन्हा मांडलं.

खर्च अगदी कमी ठेवायचा असेल तर ‘जिवंत जीवाश्मां’पासून सुरुवात करा. न्यूझीलंडच्या ५ सेंट्सवर १९६७ पासून तुआतारा होता. दिसायला सरडा, पण सरड्यांपासून वेगळ्या आणि अतिप्राचीन कुळातला हा शेवटचा वारस. नाणं २००६ मध्ये चलनातून गेलं. आज ते विदेशी नाण्यांच्या सुट्या ढिगात सहज सापडतं: २.८३ ग्रॅम, १९.४ मिलिमीटर. कोमोरोसच्या १९८४ च्या ५ फ्रँकवर सीलाकँथ मासा आहे. हा मासा डायनासोरांबरोबरच संपला असं मानलं जात होतं, आणि १९३८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात जिवंत सापडला. ही दोन नाणी खऱ्या चलनातली आहेत, लोकांनी बाजारात वापरलेली.

आपल्याकडचं काही हवं असेल तर नाण्यांच्या शेजारी एक तिकीट ठेवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शताब्दीनिमित्त १९५१ मध्ये निघालेल्या २ आण्याच्या टपाल तिकिटावर स्टेगोडॉन हा प्राचीन हत्ती आहे.

पायरी २: प्रतींची नावं पाठ करा

*अनसर्क्युलेटेड* म्हणजे चलनात न गेलेलं. *ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड*, ज्याला विक्रेते नुसतं ‘बीयू’ म्हणतात, ते चलनी नाण्यापेक्षा जास्त काळजीने पाडलेलं असतं आणि बहुधा छापील कार्डात बसवून येतं. *प्रूफ* म्हणजे घासून चकचकीत केलेल्या साच्याने, खास तयार केलेल्या चकतीवर पाडलेलं नाणं. पार्श्वभूमी आरशासारखी आणि प्राणी मात्र दुधी, मंद पोताचा. *पीडफोर्ट* म्हणजे त्याच व्यासाचं पण दुप्पट वजनाचं. *अँटिक फिनिश* म्हणजे टाकसाळीनेच मुद्दाम काळसर केलेलं नाणं. कॅनडाच्या २००७ पासूनच्या ४ डॉलरच्या चांदीच्या जीवाश्म-मालिकेत हे काळवंडणं प्रत्येक नाण्यावर वेगळं उतरलं आहे, तोच त्या मालिकेचा प्राण.

जाहिरातीत ‘प्रूफसारखं’, ‘सिल्व्हर फिनिश’, ‘गोल्ड लेयर्ड’ असे शब्द आले की समजा, नाणं प्रूफ नाही, चांदीचं नाही आणि सोन्याचं नाही.

पायरी ३: साधनं

सुरुवातीला एवढं पुरतं:

– ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी.
– डिजिटल व्हर्नियर कॅलिपर. जबड्यांवर प्लॅस्टिक असेल तर उत्तम, नसेल तर नाण्याच्या कडेला अलगद टेकवा.
– १० पटींचं भिंग. त्याहून मोठं नको, नाण्याचा फारच छोटा भाग दिसतो.
– निओडिमियमचा छोटा चुंबक.
– पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे. सुती मोज्यांतून नाणं निसटतं, म्हणून आम्ही ते सुचवत नाही.
– टेबलावर पसरायला मऊ, जाड कापड. नाणं हातातून पडतंच, ते फरशीवर पडू नये.

पायरी ४: नाणं खरं आहे का ते तपासा

रॉयल मिंटच्या ५० पेन्सचं माप ठरलेलं आहे: वजन ८.०० ग्रॅम, व्यास २७.३ मिलिमीटर, ७५ टक्के तांबं, २५ टक्के निकेल, सात बाजू आणि साधी कड. तपासणी याच क्रमाने करा.

वजन ७.९ ते ८.१ ग्रॅमच्या बाहेर गेलं तर संशय घ्या. व्यास मोजताना एक गंमत कळेल. सात बाजू असूनही नाणं कसंही फिरवलं तरी कॅलिपर जवळपास तेच माप दाखवतो, कारण बाजू सरळ नसून किंचित फुगीर आहेत आणि आकार सगळीकडे सारख्या रुंदीचा ठेवलेला आहे. नकली नाण्यात बाजू बऱ्याचदा सपाट असतात आणि आकडा फिरवताना बदलतो. मग चुंबक. तांबे-निकेल चिकटत नाही. चिकटलं तर आत पोलाद आहे.

आता नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटा. ब्रिटिश नाण्यात राणीचा चेहरा सरळ असेल तर मागचा प्राणीही सरळच दिसायला हवा. २०२० आणि २०२१ च्या नाण्यांवर जोडी क्लार्क यांनी घडवलेला राणी एलिझाबेथ यांचा चेहरा आहे. राजे चार्ल्स यांचा चेहरा नंतरचा. त्यामुळे २०२० च्या मेगालोसॉरसवर राजा दिसला तर ते नाणं टाकसाळीतून आलेलं नाही.

शेवटी भिंग. अक्षरांच्या कडा धारदार हव्यात. साच्यात ओतून केलेल्या नकलेवर बारीक खड्डे, फुगलेली अक्षरं आणि कडेभोवती जोडाची रेघ दिसते.

रंगीत नाण्यांत फसवणूक सर्वांत जास्त होते. साधं बीयू नाणं घेऊन त्यावर कोणीतरी बाहेर रंग छापतो किंवा पारदर्शक स्टिकर चिकटवतो आणि ‘रंगीत मर्यादित आवृत्ती’ म्हणून विकतो. टाकसाळीचा रंग चित्राच्या रेषेत नेमका बसतो. बाहेरचा रंग कुठेतरी सरकलेला असतो, सपाट भागावर ओघळतो किंवा भिंगाखाली छापील ठिपके दिसतात. असं नाणं मूळ स्थितीत उरत नाही, त्याची किंमत साध्या बीयूपेक्षाही खाली जाते. टाकसाळीच्या रंगीत आवृत्तीचं वेष्टण आणि प्रमाणपत्र वेगळं असतं. दोन्ही नसतील तर घेऊ नका.

‘चलनात सापडलेला दुर्मीळ डायनासोर’ अशीही जाहिरात दिसते. २०२० चे डायनासोर टाकसाळीने चलनात सोडलेच नव्हते, ते थेट संग्राहकांसाठी कार्डात विकले. कोणी कार्ड फोडून खर्च केलं असेल तर ते फक्त झिजलेलं नाणं, दुर्मीळ नव्हे.

चांदीची खात्री करायची असेल तर थोडं जास्त काम आहे, कारण चांदीच्या प्रूफ ५० पेन्सचं वजन आणि व्यास साध्या नाण्याइतकाच आहे. काटा इथे काही सांगत नाही, घनता सांगते. काट्यावर डिस्टिल्ड वॉटरने अर्धा भरलेला छोटा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा. तळाला किंवा पेल्याच्या बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जे वजन येईल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं. ९२.५ टक्के चांदीच्या ८ ग्रॅमच्या नाण्याला सुमारे ०.७७ ग्रॅम येईल, तांबे-निकेलला सुमारे ०.८९. आकडा भलताच मोठा आला तर नाणं तळाला टेकलं आहे. थोडाच वाढलेला असेल तर पृष्ठभागावर बुडबुडे आहेत, हलवून ते घालवा. ही चाचणी फक्त आधीच सुट्या असलेल्या, बिनरंगी नाण्यावर करा. कॅप्सूलमधलं प्रूफ यासाठी बाहेर काढणं म्हणजे पुराव्यासाठी नाणंच बिघडवणं.

सगळीकडे इतका खटाटोप लागत नाही. जर्मनीने २०११ मध्ये आर्किऑप्टेरिक्सच्या शोधाच्या दीडशे वर्षांनिमित्त १० युरोचं नाणं दोन धातूंत काढलं. व्यास दोन्हींचा ३२.५ मिलिमीटरच, पण तांबे-निकेलचं १४ ग्रॅम आणि ६२.५ टक्के चांदीचं १६ ग्रॅम. काट्यावर ठेवताच उत्तर मिळतं.

पायरी ५: काढणारा कोण, हे सूचीत शोधा

डायनासोरच्या नावावर बरीच काल्पनिक नाणीही बाजारात आहेत. एखाद्या निर्जन बेटाचं किंवा स्वतःचं चलनच नसलेल्या प्रदेशाचं नाव, मोठा आकडा आणि सुंदर टी-रेक्स. अशा वस्तू कोणत्याही सरकारने काढलेल्या नसतात. त्या पदकासारख्या म्हणून जमवायला हरकत नाही, पण नाण्याच्या भावाने घेऊ नका. न्युमिस्टा या ऑनलाइन सूचीत देश आणि वर्ष टाकून पाहा. खरी नाणी आणि काल्पनिक वस्तू तिथे वेगवेगळ्या विभागांत लावलेल्या असतात. क्राउझ या जगभरच्या नाण्यांच्या सूचीतला ‘केएम’ क्रमांक विक्रेत्याकडे मागा. भारताचं ‘डायनासोरचं स्मारक नाणं’ म्हणून कोणी काही दाखवलं तर भारत सरकारच्या टाकसाळींच्या अधिकृत यादीत ते सापडल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ६: खरेदी

पहिलं नाणं तांबे-निकेलचं, बीयू प्रतीचं आणि मूळ कार्डातलं घ्या. चूक झाली तरी नुकसान थोडं, आणि खरं नाणं हाती असलं की पुढची सगळी त्याच्याशी ताडून पाहता येतात.

ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचे आणि कडेचे, त्याच नाण्याचे फोटो मागा. टाकसाळीच्या जाहिरातीतलं चित्र म्हणजे फोटो नव्हे. किमतीचा अंदाज मागितलेल्या भावावरून काढू नका. लिलावाच्या संकेतस्थळावर ‘विकली गेलेली’ नाणी निवडून पाहा. एकाच ५० पेन्सला कोणी दहापट भाव मागत असतो आणि त्याच आठवड्यात तेच नाणं साध्या भावाला विकलेलं असतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी थेट टाकसाळीकडून घ्यावं, पण चांदीच्या नाण्याच्या किमतीत २० टक्के व्हॅट असतो आणि विकताना तो परत मिळत नाही, हे आधीच हिशेबात धरावं. भारतात मागवणाऱ्यांनी कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते पाहावं आणि कुरिअर कंपनीला नाणी चालतात का ते आधी विचारावं, अनेक कंपन्या घेत नाहीत. पार्सलवर ‘खेळणं’ किंवा ‘भेटवस्तू’ असं खोटं लिहून पाठवायला विक्रेता तयार झाला तर नाही म्हणा. वाटेत हरवलं तर विमा मिळत नाही आणि सीमाशुल्कात अडकलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. चांदी-सोन्याच्या आयातीचे नियम आणि दर बदलत राहतात, मागवण्याच्या आठवड्यात ते तपासा.

मुंबई-पुण्यातल्या नाणे प्रदर्शनांत विदेशी नाण्यांचे गाळे असतात. तुआतारा आणि पॉबजॉयची नाणी तिथे शोधा. काटा आणि भिंग खिशात ठेवा, चांगला विक्रेता तपासायला हरकत घेत नाही.

एनजीसी किंवा पीसीजीएस या प्रतवारी करणाऱ्या कंपन्यांकडून ७० गुणांच्या मापावर प्रत ठरवून सीलबंद केलेली नाणीही मिळतात. साध्या बीयू नाण्यासाठी प्रतवारीचा खर्च नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो, त्यामुळे सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ७: हाताळणी आणि साठवण

आपल्या हवेत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. कोकण, मुंबई, गोवा इथल्या पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते आणि निष्काळजीपणे ठेवलेलं नाणं एका मोसमात खराब होतं.

नाणं नेहमी कडेला धरा. बोटाचा ठसा पहिल्या दिवशी दिसत नाही, काही महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतो आणि मग निघत नाही. उघड्या प्रूफवर वाकून बोलूही नका, थुंकीचा कण पडला तर डाग राहतो.

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांचे अल्बम टाळा. ते पीव्हीसीचे असतात. उष्णतेने आणि काळाने त्यातून आम्लधर्मी द्रव्यं सुटतात, तांब्याशी क्रिया होते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. त्याऐवजी मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टरची) कडक पाकिटं किंवा ॲक्रिलिकच्या गोल कॅप्सूल घ्या. ५० पेन्ससाठी २७.३ मिलिमीटरची, ऑस्ट्रियाच्या ३ युरोसाठी ३४ ची, ३८.६ मिलिमीटरच्या क्राउनसाठी, म्हणजे पॉबजॉयच्या नाण्यांसारख्या मोठ्या नाण्यासाठी, ३९ ची. कॅप्सूल सैल असेल तर नाणं आत खडखडतं आणि कडेला खरचटतं. पुठ्ठ्याची चौकट वापरलीत तर स्टेपलच्या पिना पकडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात.

कॅप्सूल हवाबंद झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि सोबत ५० ग्रॅम सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते भरले. ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला डबा पाहा. डब्यात रबर बँड, वर्तमानपत्र किंवा लोकरीचं कापड नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते.

अंधारात चमकणारी नाणी दाखवण्याआधी मिनिटभर तेजस्वी दिव्याखाली धरली की पुरतं. उन्हात ठेवू नका, छापलेला रंग उडतो.

आणि साफसफाई करायचीच नाही. चिंच, लिंबू-मीठ, रांगोळी, पितांबरी, टूथपेस्ट ही सगळी भांड्यांची औषधं. नाण्यावर ती सूक्ष्म ओरखडे पाडतात, आणि जाणकार भिंगाखाली ते दोन सेकंदांत ओळखतो. चांदी उजळण्याचं द्रावण धातूचा वरचा थरच विरघळवतं. अँटिक फिनिशचं नाणं ‘काळं पडलंय’ म्हणून उजळलं तर टाकसाळीने दिलेलं सगळं काम गेलं. चांदीवर कधी दुधाळ पांढरे ठिपके येतात. ते पाडतानाच राहिलेल्या अंशांचे असतात, घासून जात नाहीत.

एकच अपवाद आहे. बिनरंगी नाण्यावर पीव्हीसीचा ताजा हिरवा थर आला असेल तर ते शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, पाच मिनिटं बुडवा. स्वच्छ ॲसिटोनमध्ये दुसऱ्यांदा बुडवा आणि न पुसता वाळू द्या. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. रंगीत नाणं यात घालाल तर रंगच निघून येईल.

पायरी ८: नोंद

प्रत्येक नाण्यासाठी एक ओळ: देश, वर्ष, दर्शनी मूल्य, प्राणी, धातू, प्रत, मोजलेलं वजन आणि व्यास, सूची क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक, कोणाकडून, कधी, किती पैशांना. दोन्ही बाजूंचा फोटो जोडा. बिल, कार्ड, डबी, प्रमाणपत्र काहीही फेकू नका. बाजारात त्याच नाण्याला वेष्टणासह वेगळा भाव असतो. घरच्यांना ही वही कुठे आहे ते सांगून ठेवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: ‘ही नाणी धुऊ किंवा घासू नयेत.’